आवाज मोठा झाला, पण शब्द कुठे आहेत?

दुसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्टची वेळ आली, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये नेहमीचीच नावं निघाली. लाइन फॉलोअर रोबो, क्लॅप स्विच, पाण्याच्या टाकीचा लेव्हल इंडिकेटर. मी म्हटलं, आपण श्रवणयंत्र करूया. सगळे हसले, पण माझ्याकडे कारण होतं. कारण म्हणजे माझे आजोबा.

आजोबा एसटीत कंडक्टर होते. सातारा-पुणे गाडीत इंजिनाचा घरघराट, खिडक्यांचा खडखडाट आणि शंभर जणांची बडबड चालू असताना शेवटच्या सीटवरून कुणी "शिरवळ दोन" म्हटलं तरी त्यांना बरोबर ऐकू जायचं. तेच आजोबा दोन वर्षांपूर्वी मंडईत गेले, तेव्हा बाई म्हणाली "साठ रुपये" आणि त्यांना ऐकू आलं "आठ रुपये". त्यांनी दहाची नोट पुढे केली. बाई हसली, आजूबाजूचे हसले. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून आजोबा मंडईत गेले नाहीत. त्यांच्यासाठी विकत आणलेलं श्रवणयंत्र कपाटाच्या खणात, जुन्या पासबुकांच्या शेजारी पडून होतं.

तर आम्ही प्रोजेक्ट केला. एक कंडेन्सर माइक, एलएम ३८६ हा ॲम्प्लिफायर आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी आणि हेडफोन. सर्किट पहिल्याच दिवशी चाललं, मार्कही चांगले मिळाले. सुट्टीत मी तो डबा घेऊन घरी गेले आणि मोठ्या ऐटीत आजोबांच्या कानाला हेडफोन लावला. "आजोबा, ऐकू येतंय का?" त्यांनी थोडा वेळ ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं, आवाज मोठा झाला. पण शब्द कुठे आहेत?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे. (शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्दांची गर्दी आहे, ती सांभाळून घ्यावी.)

पडद्यावरची अक्षरं

प्रोजेक्ट फसल्यावर मी आजोबांना हट्टाने ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी कान तपासून ऑडिओग्राम काढला. जुनं यंत्र संगणकाला जोडलं. पडद्यावर एक वक्ररेषा आली आणि बाजूला अक्षरं दिसली: एनएएल-एनएल टू. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "हे सूत्र आहे. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज वाढवायचा ते हे ठरवतं. ऑस्ट्रेलियाचं आहे."

साताऱ्यातल्या एका छोट्या खोलीत, माझ्या आजोबांच्या कानासाठी, ऑस्ट्रेलियाचं सूत्र! घरी आल्यावर मी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता लक्षात आलं की श्रवणयंत्रात जे खरोखर डोकं आहे, त्याचा मोठा भाग विद्यापीठांमधून आणि सरकारी संस्थांमधून, म्हणजे लोकांनी भरलेल्या कराच्या पैशातून आलेला आहे. आपण मात्र फक्त बाहेरचं प्लॅस्टिक आणि त्यावरची किंमत बघतो.

आधी कान समजून घेऊ

आपल्या आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखासारखी नळी असते. उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर, म्हणजे खोडरबराएवढी. तिच्या एका टोकाला उच्च फ्रिक्वेन्सीचे आवाज ओळखले जातात आणि दुसऱ्या टोकाला खालच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर हा निसर्गाने बनवलेला फिल्टर बँक आहे.

या नळीत दोन प्रकारच्या केसपेशी असतात. आतल्या ओळीत सुमारे ३,५०० पेशी, त्या मेंदूकडे सिग्नल पाठवतात. बाहेरच्या ओळींमध्ये सुमारे १२,०००, आणि यांचं काम गमतीचं आहे. त्या स्वतः आखडतात आणि लांबतात आणि हळू आवाजाला जागेवरच ॲम्प्लिफाय करतात. मोठा आवाज आला की त्यांची मदत कमी होते. म्हणजे आपल्या कानात ऑटोमॅटिक गेन कंट्रोल जन्मापासून बसवलेला आहे!

वय, सततचा गोंगाट, काही औषधं यामुळे बहुतेक वेळा आधी या बाहेरच्या पेशी जातात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट: काही फ्रिक्वेन्सी गायब होतात. म्हातारपणी बहुधा उच्च फ्रिक्वेन्सी आधी जातात. आता आपली भाषा बघा. आ, ई, ऊ हे स्वर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतात आणि दणदणीत असतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उच्च फ्रिक्वेन्सीत आणि अगदी क्षीण. स्वरांमुळे आवाज कळतो, व्यंजनांमुळे शब्द कळतो. "साठ"मधला स उडाला की उरतं "आठ". मंडईतल्या त्या बाईंची चूक नव्हती आणि आजोबांचीही नव्हती.

दुसरी गोष्ट: जागा कमी होते. डेसिबलमध्ये विचार करा. निरोगी कानाला साधारण ० डेसिबलपासून ऐकू येतं आणि १०० च्या पुढे आवाज त्रासदायक होतो. म्हणजे १०० डेसिबलची रेंज. समजा एखाद्या फ्रिक्वेन्सीला आजोबांना ६० डेसिबलपासून ऐकू येतं. पण त्रास व्हायची मर्यादा तशी वर सरकत नाही, ती १०० च्या आसपासच राहते. उरली ४० डेसिबलची रेंज. जगातले सगळे आवाज या ४० मध्ये बसवायचे.

माझ्या डब्याने काय केलं? सगळ्यात सरसकट वाढ केली. समजा ४० डेसिबलची वाढ दिली. ४० चा हळू आवाज ८० झाला, छान. पण स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं, ८० डेसिबल, ते झालं १२०! म्हणूनच घरोघरी हा संवाद ऐकू येतो: "काय म्हणालीस? ऐकू येत नाही." आणि जरा मोठ्याने म्हटलं की, "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" आपल्याला वाटतं आजोबा चिडचिडे झालेत. खरं तर हे कानाचं गणित आहे. उपाय म्हणजे कॉम्प्रेशन. हळू आवाजाला जास्त गेन, मोठ्या आवाजाला कमी. १०० चं ४० मध्ये बसवायचं म्हणजे कॉम्प्रेशन रेशो अडीचास एक.

तिसरी गोष्ट: फिल्टर पसरट होतात. ही सगळ्यात अवघड. केंब्रिज विद्यापीठात प्रा. ब्रायन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हे मोजलं. निरोगी कानातला प्रत्येक फिल्टर अरुंद असतो, म्हणून जवळजवळच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या राहतात. बिघडलेल्या कानात तो फिल्टर रुंद होतो. रांगोळीची रेघ चिमटीतून सुबक सोडण्याऐवजी मुठीने ओतली तर काय होईल? दोन पाकळ्यांचे रंग एकमेकांत मिसळतील. नेमकं हेच होतं. बोलण्याच्या शेजारी गोंगाट असेल तर दोन्ही एकाच फिल्टरमध्ये पडतात, आणि मग कितीही मोठा आवाज केला तरी दोन्ही मिळूनच मोठे होतात.

ॲम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातले संशोधक राइनिअर प्लॉम्प यांनी १९७८ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं. त्यांनी श्रवणदोषाचे दोन भाग केले. एक भाग आवाज कमी होण्याचा, दुसरा भाग आवाज बिघडण्याचा. पहिल्यावर ॲम्प्लिफायर चालतो. दुसऱ्यावर, विशेषतः गर्दीत, चालत नाही. हे वाचलं तेव्हा मला आजोबांचं वाक्य आठवलं. "आवाज मोठा झाला" म्हणजे पहिला भाग आणि "शब्द कुठे आहेत" म्हणजे दुसरा. आठवी पास कंडक्टरने हेडफोन लावून दोन मिनिटांत तेच सांगितलं होतं!

सूत्राची गोष्ट

आता त्या ऑस्ट्रेलियन अक्षरांकडे येऊ. एनएएल म्हणजे नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीज. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, तोफांनी आणि विमानांनी कान गेलेले सैनिक, आणि १९४० च्या सुमारास आलेल्या रुबेलाच्या साथीमुळे जन्मतः बहिरी झालेली मुलं, या दोघांसाठी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने हे काम हाती घेतलं. आज ही संस्था सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाच्या आवारात आहे.

पूर्वी एक ठोकताळा होता: जितका श्रवणदोष, त्याच्या निम्मा गेन द्या. ६० डेसिबलचा दोष असेल तर ३०. एनएएलच्या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रत्यक्ष माणसांवर मोजमापं करून फ्रिक्वेन्सीनुसार सूत्र मांडलं. पुढे त्यात दुरुस्त्या होत गेल्या आणि कॉम्प्रेशनचा हिशेब आला. त्यामागची कल्पना इंजिनिअरला आवडेल अशी आहे. बोलणं जास्तीत जास्त समजलं पाहिजे, पण एकूण आवाज निरोगी माणसाला जेवढा मोठा वाटतो त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे अट घालून केलेलं ऑप्टिमायझेशन.

लहान मुलांसाठी असंच काम कॅनडाच्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात झालं. तान्हं बाळ "आवाज जास्त होतोय" असं सांगू शकत नाही. शिवाय त्याच्या कानाची नळी इतकी लहान की तेच यंत्र मोठ्या माणसापेक्षा त्याच्या कानात जास्त दाब निर्माण करतं. त्यामुळे मुलांसाठी मोजण्याची पद्धतच वेगळी लागते. त्यांचं डीएसएल हे सूत्रही आज जगभर वापरलं जातं.

कानात संगणक

कंपन्यांनी काहीच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. ट्रान्झिस्टर बेल लॅब्जमध्ये जन्मला आणि १९५२-५३ मध्ये सामान्य लोकांच्या हातात तो पहिल्यांदा आला तो श्रवणयंत्रातूनच. पण ज्या कामातून उद्या लगेच विक्री होणार नाही, ते विद्यापीठांनी केलं.

उदाहरण डिजिटल श्रवणयंत्राचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठात, प्रा. हॅरी लेविट यांनी संगणकावर चालणारं श्रवणयंत्र करून दाखवलं. ते कानात घालणं शक्यच नव्हतं, प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर चालायचं. कुठल्या दुकानात विकणार ते? पण त्याने दाखवून दिलं की सिग्नलचे आकडे केले की त्याच्यावर हवी ती प्रक्रिया करता येते. पूर्ण डिजिटल यंत्रं १९९६ च्या सुमारास बाजारात स्थिरावली. मधली पंधरा वर्षं कुणीतरी धीर धरावा लागतो.

आज त्या छोट्याशा यंत्रात काय असतं ते ऐका. दोन माइक, ए टू डी कन्व्हर्टर, फिल्टर बँक, प्रत्येक बँडला वेगळं कॉम्प्रेशन, शिटी थांबवणारा फीडबॅक कॅन्सलर. हे सगळं १.४ व्होल्टच्या झिंक-एअर सेलवर, साधारण एक मिलिअँपियरमध्ये. आणि सगळी प्रक्रिया सुमारे १० मिलिसेकंदांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर स्वतःचंच बोलणं विचित्र ऐकू येतं. आमचा नऊ व्होल्टचा डबा आठवून मला जरा लाजच वाटली.

गर्दीचा प्रश्न

तरीही गणपतीच्या आरतीत, लग्नाच्या पंगतीत आजोबांना शब्द सापडत नाहीत. कारण तिथे तिसरी गोष्ट आडवी येते. यावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात प्रा. डीलिआंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या निधीवर. त्यांनी न्यूरल नेटवर्कला शिकवलं की आवाजाच्या प्रत्येक बारीक तुकड्यात बोलणं वरचढ आहे की गोंगाट ते ओळखायचं, आणि गोंगाटाचे तुकडे दाबायचे. २०१३ च्या त्यांच्या निबंधात एक निकाल असा आहे की, या प्रक्रियेतून गेलेला आवाज ऐकणारी श्रवणदोष असलेली माणसं, मूळ गोंगाटातला आवाज ऐकणाऱ्या निरोगी माणसांपेक्षा पुढे गेली. अर्थात ते प्रयोगशाळेत होतं. पण आता न्यूरल नेटवर्कची चिप असलेली यंत्रं बाजारातही आली आहेत. ती महाग आहेत.

प्रा. वांग यांनी एका लेखात लिहिलं आहे की, ते कॉलेजला असताना त्यांच्या आईला कमी ऐकू यायला लागलं. घरी गेलं की आई पुढे झुकून ऐकायची. हे वाचून मी थांबले. म्हणजे मोठमोठ्या प्रोफेसरांचीही सुरुवात आपल्यासारखीच, घरातूनच होते.

आणि आपल्याकडे?

हे सगळं परदेशातच होतं असं नाही. आपल्यापासून काही तासांवर, पवईला, आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकापासून या पसरट फिल्टरच्या प्रश्नावर काम केलं.

त्यांची एक कल्पना ऐका. शेजारशेजारचे बँड एकमेकांत मिसळतात ना? मग ते एका कानात देऊच नका. पहिला, तिसरा, पाचवा बँड डाव्या कानात. दुसरा, चौथा, सहावा उजव्या कानात. प्रत्येक कानात दोन बँडांच्या मध्ये मोकळी जागा राहते आणि मेंदू दोन्ही कानांचं एकत्र करून घेतो. कंगव्याच्या दातांसारखे दिसणारे हे कोम्ब फिल्टर आपल्याला डीएसपीच्या पेपरात पाच मार्कांना येतात!

दुसरी कल्पना कॉम्प्रेशनची. नेहमीच्या पद्धतीत बँडच्या हद्दी ठरलेल्या असतात. बोलताना एखादा फॉर्मंट एका बँडमधून दुसऱ्यात गेला की गेन अचानक बदलतो आणि आवाज विकृत होतो. त्यांनी हद्दीच काढून टाकल्या. प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी तिच्या आजूबाजूचा सरकता बँड घ्यायचा आणि त्यावरून गेन ठरवायचा. हे त्यांनी साध्या १६ बिटच्या डीएसपी चिपवर आणि पुढे स्मार्टफोनवरही चालवून दाखवलं. यातल्या काही कामाला केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खात्याचा निधी होता.

मुंबईतच वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून. या दोन्ही सरकारी संस्थांमध्ये तपासणी, प्रशिक्षण आणि संशोधन चालतं. इंजिनिअरिंगच्या किती मुलांना हे माहीत असतं? मला नव्हतं.

पैसा कुणाचा, ज्ञान कुणाचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-जास्त श्रवणदोष आहे आणि त्यातल्या ४३ कोटींना उपचार किंवा यंत्राची गरज आहे. ज्यांना यंत्राचा उपयोग होईल अशांपैकी साधारण १७ टक्केच ते वापरतात. बाकीच्यांकडे यंत्र नाही, किंवा ते आमच्यासारखं खणात आहे.

हा फक्त गैरसोयीचा प्रश्नही नाही. अमेरिकेत सरकारी निधीवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना तीन वर्षं पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून स्मरणशक्ती आणि विचारशक्तीत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात, श्रवणयंत्र आणि समुपदेशन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंद झाली. दोन्ही अर्धे निकाल छापले, आवडलेला तेवढाच नाही. सार्वजनिक संशोधनाचा मला सगळ्यात पटलेला गुण हाच.

दुसरा गुण असा की ते छापलं जातं. सूत्र कसं काढलं, फिल्टर कसे बनवले, काय चाललं, काय फसलं, हे शोधनिबंधात लिहिलेलं असतं. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग इथे तयार झालेलं श्रवणयंत्राचं एक संपूर्ण सॉफ्टवेअर, ओपन एमएचए, २०१७ पासून सर्वांसाठी खुलं आहे. त्यामुळे तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आपल्या हॉस्टेलच्या खोलीत बसून ते समजून घेऊ शकते. मंडईतली ती बाईही काडेपेटी विकत घेताना कर भरते. मग असं ज्ञान तिचंही झालं की नाही?

आपण काय करू शकतो?

१. घरातलं यंत्र खणातून बाहेर काढा आणि ऑडिओलॉजिस्टकडून पुन्हा तपासून, जुळवून घ्या. दोन-तीन वर्षांत ऑडिओग्राम बदलतो. चष्म्याचा नंबर बदलतो तसाच. आणि पहिले काही आठवडे मेंदूला सवय होऊ द्या.

२. ओरडू नका. आधी नाव घेऊन हाक मारा, समोर या, टीव्ही बंद करा, सावकाश बोला. वाक्य कळलं नाही तर तेच मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा.

३. स्वतःचे कान सांभाळा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. विसर्जनाच्या डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या मित्रांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

४. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा घ्या. मराठीतली व्यंजनं घ्या, कुकरची शिटी, रिक्षा, पंखा असे आपले गोंगाट रेकॉर्ड करा आणि फिल्टर लावून बघा. आणि सर्किट करायच्या आधी ऐकणाऱ्याला विचारा. आम्ही तेवढंच करायचं विसरलो होतो.

आजोबांचं यंत्र नव्याने जुळवून आणलं त्याला आता आठ महिने झाले. चमत्कार वगैरे झालेला नाही. आरतीत ते अजूनही ते काढून खिशात ठेवतात. फोनवर अजून चुकतात. पण दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ते पिशवी घेऊन निघाले. मी विचारलं, "कुठे निघालात आजोबा?" म्हणाले, "मंडईत." अर्ध्या तासाने परत आले, पिशवीत एक किलो वांगी. मी भाव विचारला. आजोबा चप्पल काढता काढता म्हणाले, "साठ सांगत होती. पन्नासला आणली."

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी